आप्पा ‘ओ’ होते तोवर

आप्पांच्या जुन्या लायसन्सवर रक्तगट लिहिलेला आहे: ओ पॉझिटिव्ह. तो कोणी, कुठे, कधी तपासला, हे घरात कोणालाच आठवत नाही. लायसन्स काढताना एजंटाने फॉर्म भरला, आप्पांनी सही केली आणि दोघं चहा प्यायला गेले, एवढंच आप्पांना आठवतं. इतकी वर्षं त्या अक्षराने आमचं काही बिघडवलं नव्हतं.

मी जळगावला एका दाल मिलमध्ये हिशेबाचं काम बघते. माहेर अमळनेर तालुक्यात, तिथे आई-आप्पा आणि भाऊ. एप्रिल २०२१ मध्ये आप्पांना करोना झाला, तेव्हा जे घडलं ते लिहून काढायला ऑगस्ट उजाडला, कारण मध्ये बरेच दिवस दवाखान्याच्या फाइलला हात लावावासा वाटत नव्हता. पण परवा मिलमधल्या एकाने विचारलं, ‘ताई, प्लाझ्म्याच्या वेळी तुम्ही काय काय केलं होतं?’ आणि सांगता सांगता लक्षात आलं की निम्मं मी आत्ताच विसरले आहे.

सुरुवात जानेवारीतल्या एका बातमीपासून. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने आपल्या ४० प्रयोगशाळांमधल्या १० हजार ४२७ जणांचं, म्हणजे कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांचं, रक्त तपासून करोनाच्या अँटिबॉडी शोधल्या होत्या. ओ गटाचे, शाकाहारी आणि धूम्रपान करणारे यांच्यात त्या कमी सापडल्या. बी आणि एबी गटांत जास्त. सर्वेक्षण एवढंच सांगत होतं. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं: ‘ओ गटवाल्यांना करोना होत नाही. शाकाहारी असाल तर अजिबात नाही.’

आप्पा माळकरी. माळ घातली तेव्हा मटण सुटलं, बिडी मात्र सुटली नाही. त्यामुळे त्यांनी तिन्ही गोष्टी स्वतःला लावून घेतल्या. बैठकीत मास्क लाव म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मनं रगत ओ शे. माले काय व्हस?’

९ एप्रिलला, शुक्रवारी, त्यांना कसर आली. आईने फोन केला, मी म्हटलं उद्याच अमळनेरला नेऊन टेस्ट करा. भाऊही मागे लागला. आप्पांनी पॅरासिटामोल घेतली आणि शेतात चक्कर मारून आले. पाच दिवस हेच चाललं. आमच्या घरातली एवढी एक गोष्ट मला अजून सलते, आणि त्यात माझाही वाटा आहे. ‘ओ’ला धोका थोडा कमी असतो असं मीही कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी हवा तेवढा हट्ट धरला नाही.

१३ तारखेला पाडवा. आईने नेहमीप्रमाणे कडुलिंबाचा पाला, गूळ आणि हरभऱ्याची डाळ वाटून सगळ्यांच्या हातावर ठेवली. आप्पांनी ती गोळी तोंडात टाकली, चावली, आणि परत थोडी मागितली. ‘औंदा पाला कोवळा शे, कडूच लागत नही.’ आईने मला हे हसत हसत फोनवर सांगितलं. मी हातातलं काम ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आशाताईंनी ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन ९१. ग्रामीण रुग्णालयात अँटिजेन चाचणी झाली, अर्ध्या तासात पॉझिटिव्ह. ती फुकट झाली. त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध सुरू होणार होते, म्हणून भावाने घाई करून गाडी ठरवली आणि १५ तारखेला दुपारी ते जळगावला पोचले. एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन केला, २५ पैकी १३ स्कोअर. शासनाने मशीननुसार दोन ते तीन हजार दर बांधून दिला होता. आमच्याकडून अडीच हजार घेतले. (पावती मागून घ्या. पहिल्यांदा ती आम्हाला कोणी आपणहून दिली नाही.)

बेड शोधण्यात गेलेले सात तास मी इथे लिहीत बसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येकाने ते पाहिले आहेत. रात्री पावणेअकराला एका खासगी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळाला. साध्या वॉर्डाचा सरकारी दर तेव्हा दिवसाला ४ हजार होता. पीपीई किट, औषधं आणि मोठ्या तपासण्यांचे पैसे वेगळे. भरती करताना एकच प्रश्न आधी विचारा: महात्मा फुले योजनेत हा दवाखाना आहे का? आम्ही तिसऱ्या दिवशी विचारलं, नव्हता. रेशन कार्ड मात्र आम्ही सोबत बाळगून होतो.

मला नोव्हेंबरमध्ये करोना होऊन गेला होता, म्हणून दवाखान्याबाहेर थांबायचं काम माझ्याकडे आलं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात समोरच्या निंबाखाली सगळे नातेवाईक बसायचे. भडगावचे एक काका, यावलचं एक जोडपं, आणि मी. कोणाचा स्कोअर किती, कोणाला रेमडेसिव्हिर मिळालं, आणि तिसरा प्रश्न हमखास: ‘गट कोणता?’ यावलच्या वहिनींच्या मिस्टरांचा ए होता. ए गटाला जास्त होतो हे त्यांनी कुठेसं ऐकलं होतं, आणि त्या दिवसभर त्यावरूनच रडायच्या. मी त्यांना ‘काही नसतं तसं’ म्हणायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं, आपले आप्पा ओ आहेत.

१९ तारखेला, सोमवारी, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: कन्व्हलेसंट प्लाझ्मा, २०० मिलीच्या दोन पिशव्या. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग रोग्याला द्यायचा, म्हणजे त्याच्या अँटिबॉडी याला मिळतील, अशी कल्पना. पिशवीचा सरकारी दर तेव्हा साडेपाच हजार होता. ‘पेशंट ओ असेल तर सोपं आहे, कोणत्याही गटाचा प्लाझ्मा चालतो,’ असं डॉक्टर म्हणाले. हे खरंच आहे, आणि लाल रक्ताच्या अगदी उलटं आहे. ओ गटाच्या लाल पेशींवर ‘ए’चीही खूण नसते, ‘बी’चीही नसते, त्यामुळे कोणाच्याही प्लाझ्म्याला भांडायला काही सापडत नाही.

सोपं म्हणजे किती सोपं ते पुढचे दोन दिवस कळलं. रक्तपेढीने दात्याच्या अटी सांगितल्या: वय १८ ते ६५, वजन पन्नास किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा, लक्षणं जाऊन २८ दिवस झालेले, लस घेतली असेल तर तिचेही दिवस मोजायचे. आधी अँटिबॉडी तपासणार, त्या पुरेशा निघाल्या तरच पुढे. मी सदतीस फोन केले. (वहीत खुणा आहेत.) कोणाला नुकतीच लस झालेली, कोणाची आई ‘नको’ म्हणते, कोणी फोन उचलून नुसतं ऐकून घेतो. त्यांना दोष नाही. त्या महिन्यात घराबाहेर पाऊल टाकायलाच लोक घाबरत होते.

शेवटी भावाचा पारोळ्याचा एक मित्र तयार झाला. गट ए पॉझिटिव्ह. २१ तारखेला, रामनवमीच्या दिवशी, तो मोटरसायकलवर आला. आदल्या रात्रीपासून किराणा दुकानंही सकाळी अकरापर्यंतच उघडी होती, त्यामुळे दात्याला द्यायला साधा ज्यूस मिळेना. घरून सहा केळी आणि ताकाची बाटली आणली होती, त्यावर भागवलं. दात्याला नेताना खायचं-प्यायचं घरूनच न्या. आणि रिकाम्या पोटी नेऊ नका, परत पाठवतात.

तपासण्यांना तीन तास, मशीनवर पाऊण तास. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लाझ्मा वेगळा होतो आणि लाल पेशी परत अंगात येतात. पिशवीत जमतं ते पिवळसर, पातळ पन्ह्यासारखं. मित्र खुर्चीतून उठला तेव्हा मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

संध्याकाळी मी दवाखान्यातून आप्पांचं सँपल आणलं. दोन ट्यूब लागतात, एक जांभळ्या बुचाची, एक लाल. दोन्हींवर नाव, वय आणि तारीख पेशंटच्या बेडशेजारीच लिहून घ्या. नंतर बाहेर बसून लिहू नका. सोबत डॉक्टरांच्या सहीचा मागणी फॉर्म, पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि आधारची झेरॉक्स.

वीस मिनिटांनी टेक्निशियन खिडकीशी आले. ‘ताई, फॉर्मवर ओ लिहिलंय. पेशंट बी आहे.’

मला कळेना. म्हणजे आमच्याकडे ‘बी’चा अर्थ ‘सुद्धा’. मी म्हटलं, ‘पेशंट बी काय?’

त्यांनी मला आत बोलावलं आणि पांढरी टाइल दाखवली. तीन ठिपके. एक निळा, तो ए तपासायचा. एक पिवळा, तो बी तपासायचा. तिसरा बिनरंगाचा, पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी. प्रत्येकात आप्पांच्या रक्ताचा थेंब काडीने कालवलेला. निळ्यातला थेंब पाण्यात कुंकू कालवावं तसा एकसारखा पसरलेला. पिवळ्यातला मात्र फाटलेल्या दुधासारखा, लाल लाल गाठी सुट्या झालेल्या. ‘गाठी जिथे, गट तो,’ ते म्हणाले. मग उलट तपासणीही त्यांनी केली होती: आप्पांच्या प्लाझ्म्यात ए गटाच्या पेशी टाकल्या तर गाठी होतात का, बी गटाच्या टाकल्या तर होतात का. तीही बीच सांगत होती.

‘तुमचा गट कोणता?’ त्यांनी विचारलं.

‘बी.’

‘आईचा?’

‘ओ. बाळंतपणात तपासलेला आहे.’

‘मग घरात बी आला कुठून, ताई? दोन ओचं लेकरू बी होत नाही.’ ते जरा थांबले. ‘बॉम्बे ग्रुप असला तर गोष्ट वेगळी.’

तो गट माझ्या डोक्यात नावापुरता होता. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला म्हणून त्याचं ते नाव. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओचं रक्तही चालत नाही. आप्पांच्या बाबतीत तसलं काही नव्हतं. ते साधेसुधे बी होते, जन्मापासून. मी बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं. आई ओ, आप्पा ओ, मी बी, हे गणित माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं चुकीचं मांडलेलं होतं आणि मी एकदाही ताळा केला नव्हता. हिशेबनीस म्हणून मला ते जास्त लागलं.

बी गटाच्या माणसाला ए गटाचा प्लाझ्मा दिला तर त्यातल्या बीविरोधी अँटिबॉडी त्याच्याच लाल पेशींवर तुटून पडतात. पारोळ्याच्या मित्राची पिशवी आप्पांना चालणारच नव्हती. चालणार होता फक्त बी किंवा एबी.

मी लगेच म्हटलं, माझा घ्या. मी बी, मला करोना होऊन गेलाय. त्यांनी विचारलं, मूल आहे? एक मुलगी. मग नाही. गरोदरपणात बाईच्या रक्तात काही वेगळ्या अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, त्यांनी रोग्याच्या फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून बाळंत झालेल्या बाईचा प्लाझ्मा घेत नाहीत. शिवाय नोव्हेंबर लांब पडला होता. खिडकीबाहेर आले आणि तिथल्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा रडले.

रक्तपेढीने त्या दिवशी माणुसकी दाखवली. मित्राची ए पिशवी ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात त्यांच्याकडची बीची एक पिशवी आम्हाला दिली. अशी अदलाबदल होते का हे विचारायला लाजू नका. दुसरी पिशवी २३ तारखेला धरणगावच्या एका मास्तरांनी दिली, ते निंबाखालच्या भडगावच्या काकांचे भाचे. पिशवी थंड डब्यात आणायची, रक्तपेढीने वितळवून दिली असेल तर वाटेत कुठेही थांबायचं नाही. दोन पिशव्यांचे अकरा हजार.

आप्पांना मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ‘आप्पा, तुमना गट बी शे.’

मास्कच्या आतून खोल आवाज आला, ‘मना बी शे? आखो कोना शे?’

ऑक्सिजन लावलेला असतानाही त्यांना ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’च वाटलं. सिस्टर हसली, मीही हसले.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून मोबाइलवर शोधत बसले, आणि पुढचे काही दिवस डॉक्टर दिसले की एकेक विचारत गेले. ‘ओ’ची गोष्ट अगदी हवेतली नव्हती. मार्च २०२० मध्ये वुहान आणि शेनझेनच्या २१७३ रोग्यांवरून चिनी डॉक्टरांनी म्हटलं होतं, ए गट जास्त, ओ कमी. जूनमध्ये इटली आणि स्पेनच्या, श्वास बंद पडायला आलेल्या रोग्यांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यातही रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाशी धागा जुळला. पण डेन्मार्कचे आकडे वाचले तेव्हा मला त्या फरकाचं माप कळलं: तिथे लोकसंख्येत शंभरात साधारण ४२ जण ओ गटाचे, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांत शंभरात ३८. बस, चार माणसांचा फरक. गटावरून दवाखान्यात जाणं किंवा मरणं त्या अभ्यासात ठरत नव्हतं. आणि आप्पा ‘माले काय व्हस’ म्हणत होते त्याच आठवड्यात अमेरिकेच्या युटा भागातला एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला होता: रक्तगटाचा ना लागण होण्याशी संबंध, ना आजार वाढण्याशी.

डॉक्टरांनी एक कारण सांगितलं ते पटण्यासारखं होतं. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठवणारा एक घटक इतरांपेक्षा कमी असतो, आणि करोनात रक्ताच्या गुठळ्या होतात, तेव्हा थोडा फायदा होत असेलही. ‘पण मी रक्त पातळ करायचं पोटातलं इंजेक्शन गट विचारून देतो का?’ ते म्हणाले. ‘डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांची तपासणी बघतो, ऑक्सिजन बघतो, वय बघतो, साखर बघतो.’ वॉर्डात अकरा रोगी होते. कोणाच्याही कागदावर गट पहिल्या पानावर नव्हता.

प्लाझ्म्याचा उपयोग झाला का? सांगता येत नाही. २६ तारखेपासून ऑक्सिजन कमी करत आणला, ६ मे रोजी घरी सोडलं. एकूण खर्च १ लाख ७४ हजार. बिलाची ओळ न् ओळ मागितली तेव्हा त्यातले पीपीई किटचे सहा हजार कमी झाले. १४ मे रोजी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आप्पा ओट्यावर उशी घेऊन बसले आणि घागर भरताना आईला सूचना देत राहिले. सांजोरी अर्धी खाल्ली, ‘गोड शे’ म्हणाले. चव परत आली होती.

१७ मे रोजी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा उपचार काढून टाकल्याची बातमी आली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्येच ३९ दवाखान्यांत ४६४ रोग्यांवर तपासून पाहिलं होतं. प्लाझ्म्याने ना आजार वाढणं थांबलं, ना मृत्यू. म्हणजे आम्ही फोन करत होतो त्याच्या सहा महिने आधीच उत्तर छापून आलं होतं. भावाने ती बातमी पारोळ्याच्या मित्राला पाठवली नाही. मीही नाही.

यावलच्या वहिनींचे मिस्टर, ते ए गटाचे, आमच्या चार दिवस आधी घरी गेले. भडगावच्या काकूंचा गट ओ होता. त्या गेल्या.

जूनमध्ये मी घरातल्या सगळ्यांचे गट एकाच दिवशी रक्तपेढीत तपासून घेतले आणि शिक्क्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या आधारमागे ठेवली. भावाचा लायसन्सवर ओ होता, तो ओच निघाला. एजंटाचा एक अंदाज तरी बरोबर होता.

बरे झाल्यावर लसीसाठी तीन महिने थांबायचं होतं. ९ ऑगस्टला मी आप्पांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले. नर्सने आधार पाहिलं, मोबाइल नंबर विचारला, मागच्या वेळी कधी आजारी होतात ते विचारलं. आप्पा खिशातून ती शिक्क्याची चिठ्ठी काढून उभेच.

‘रगत कोनतं ते लिखी ल्या ना, ताई. बी शे. पक्कं करीसन आनेल शे.’

‘नाही लागत, बाबा,’ ती म्हणाली. ‘बाही वर करा.’